पिकअपचं बूड

आमच्या पिकअपचं बूड खाली बसलंय, ही बातमी आम्हाला कळण्याआधी गल्लीभर झाली होती. रविवारी चर्चहून आल्यावर बाबांनी नवा ट्रेलर पहिल्यांदा गाडीला जोडला, दोन पावलं मागे सरकले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. गाडीचं मागचं अंग खाली, नाक वर. बाकावर बसून आकाशातले तारे बघणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखी ती दिसत होती.

"मी काही सांगत नाही हं, ट्रॉय," कुंपणापलीकडून मिस्टर टोलेफ्सन म्हणाले.

पश्चिम मिनेसोटात कुणी 'मी काही सांगत नाही' असं म्हणालं, की समोरच्याने खुर्ची आणून बसावं. आमच्या गावात स्पष्ट सल्ला देणं म्हणजे लोकांच्या अंगणात चपलेसकट शिरण्यासारखं मानतात. त्यामुळे सगळे न सांगता सांगतात, आणि न सांगायला सांगण्याच्या तिप्पट वेळ लागतो.

"नाही नाही, बोला ना," बाबा म्हणाले.

"माझं काय! पण माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच बसायची. वजन वाटणारा हिच त्याने लावला नव्हता. लावायला हवा होता असं मी म्हणत नाही."

"मग काय झालं त्याचं?"

"आता बरा आहे," मिस्टर टोलेफ्सन म्हणाले. "चालतो थोडं वाकडं."

बाबांचा चेहरा पडला. माझे बाबा विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासतात. बाकीच्यांना रस्ता दिसतो तेव्हा बाबांना रस्त्याच्या कडेला पडलेली गाडी दिसते. शिडी, बार्बेक्यू, घसरगुंडी, कुणाच्या लग्नातली मेणबत्ती, कशाकडेही बघून ते हळूच सांगू शकतात की यातून पुढे काय होतं. असल्या माणसाला वाकड्या मेव्हण्याची गोष्ट सांगणं हा गुन्हा आहे.

हिच म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची दांडी टेकते. साधा हिच एवढाच. दांडीचं वजन जास्त झालं की गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टीअरिंग फिरवलं तरी गाडीला ते ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणजे वजन वाटणारा हिच. त्याला दोन जाड पोलादी पट्ट्या असतात. त्या साखळीने ताणून बसवल्या, की मागचं वजन ढकलून पुढच्या चाकांवर पाठवतात. सी-सॉच्या एका टोकाला बसलेल्या जाड्या मुलाला दोघांनी काखेत हात घालून उचलावं, तसं. ही उपमा माझी. या हिवाळ्यात मी शाळेच्या वक्तृत्व संघात गेले आणि मला कळलं की माझ्याकडे उपमा आहेत. त्याआधी मी वर्गात हजेरीलासुद्धा मान हलवायचे.

आमचा ट्रेलर एवढुसा. पांढरा, गोल, अंड्यासारखा. त्यात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. इतक्या वर्षांत आम्ही तंबू नेत होतो, पण आईच्या गुडघ्यांनी जमिनीवर झोपायला साफ नकार दिला. गाडी मात्र हार्लन आजोबांची. आजोबा फेब्रुवारीत गेले.

हे मी पटकन सांगितलं, कारण आमच्या घरात ते असंच सांगतात. पटकन, आणि मग काहीतरी खायला वाढतात.

खायला भरपूर होतं. आमच्याकडे कुणी गेलं की अख्खं गाव हॉटडिश आणून देतं. खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याचे तळलेले तुकडे, आणि सगळं एकत्र भाजायचं. काचेच्या थाळ्यांवर चिकटपट्टीने ज्याचं त्याचं नाव. फेब्रुवारीपासून आमचा फ्रीझर त्या थाळ्यांनी भरला होता आणि जुलै आला तरी आम्ही आजोबांच्या दुःखाचं जेवत होतो. आई मंगळवारी म्हणायची, "आज ब्येर्केबाईंचं दुःख काढू की पास्टरचं?"

आता मुद्द्याचं. आजोबांची हॅल्व्हर्सन तळ्याकाठच्या कॅम्पमध्ये सतरा नंबरची जागा होती. दर जुलैत एक आठवडा. बाबा लहान होते तेव्हापासून. पाण्याला अगदी लागून, बर्चच्या दोन झाडांमध्ये, आणि त्यातल्या एका झाडावर बाबांची उंची कोरलेली, वर्षावर्षाची. त्या जागेसाठी रांगेत एवढी माणसं आहेत की काही जण रांगेतच वारतात. सोमवारी बाबांनी कॅम्पच्या कचेरीत फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"सतरा नंबर हार्लन स्टेन्सबी यांच्या नावावर आहे," कचेरीतल्या डार्लाबाई म्हणाल्या. "नाव बदलायचं तर त्यांनी स्वतः फोन करायला हवा."

"ते वारले."

"अरेरे. फार वाईट झालं हो." मग कागद चाळल्याचा आवाज. "पण मग त्यांनी आधी सांगून ठेवायला हवं होतं."

"त्यांना कल्पना नव्हती."

"बहुतेकांना नसते," डार्लाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता. "हे बघा, नियम असा आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला मी फेरी मारते. जागेवर ज्याची चाकं उभी असतील, त्याचं नाव लिहिते. चाकं जागेवर हवीत. रस्त्यावर नाही, उतारावर नाही, जागेवर. नाहीतर रांगेतला पुढचा."

बाबांनी फोन ठेवला आणि खिडकीतून त्या तारे बघणाऱ्या गाडीकडे बघत बसले.

त्या रात्री त्यांनी व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. टोपी घातलेले, दाढीवाले, फार शांत आवाजाचे पुरुष असतात त्यात. एक म्हणाला, एवढ्या लहान ट्रेलरला वजन वाटणारा हिच लावणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. दुसरा म्हणाला, न लावणं म्हणजे बायकोमुलांना गटारात टाकणं. तिसऱ्याने सांगितलं की आधी वजन करा. सकाळी बाबांचे डोळे लाल होते.

"आपण वजन करू," ते म्हणाले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी 'आपण अमुक करू' असं म्हटलेलं हे पहिलंच वाक्य, म्हणून आईने काही विचारलं नाही. नुसती तोलण्यापुरत्या ट्रेलरमध्ये हॉटडिश भरत राहिली.

गावात वजनकाटा एकच, धान्याच्या कोठारापाशी. ट्रकभर मका तोलतात तो. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं काढलं.

"काय पीक आहे?"

"पीक नाही. ट्रेलर आहे."

"ट्रेलर आमच्या यादीत नाही. पीक टाकल्याशिवाय हे यंत्र वजन दाखवत नाही हो. सोयाबीन लिहू?"

"लिहा," बाबा म्हणाले.

"ओलं की सुकं?"

बाबा विमा कचेरीतले असल्यामुळे खोटं बोलताना अडखळतात. मी खिडकीतून ओरडले, "ओलं! फ्रीझरमधलं आहे!"

तर आमचं ओलं सोयाबीन तोललं गेलं आणि ते फारच हलकं निघालं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेहून कितीतरी कमी. म्हणजे पुस्तकाप्रमाणे वजन वाटणाऱ्या हिचची काडीची गरज नव्हती. पण घरी येऊन पुन्हा बघितलं तर बूड तिथंच. पुस्तक म्हणतं नको, बूड म्हणतं हवा. बाबा दोघांच्या मध्ये अडकले, आणि माझ्या बाबांसारख्या माणसाला अडकायला एवढीशी जागा पुरते.

"तुझ्या बाबांनी काय केलं असतं?" आईने बाबांना विचारलं. तिला नुसतं विचारायचं होतं.

"त्यांनी एकदा बघितलं असतं आणि सांगितलं असतं," बाबा म्हणाले. मग ते गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ काहीही दुरुस्त न करता तिथे राहिले.

मी तेव्हाच हौद्याचं विचारलं असतं तर! गाडीच्या हौद्यावर आजोबांनी कडक काळं झाकण बसवून घेतलं होतं, कुलपासकट. ते आजोबा गेल्यापासून उघडलं नव्हतं. किल्ली बाबांच्या जुडग्यातच होती. एप्रिलमध्ये मी विचारलं होतं, "आत काय आहे?" बाबा म्हणाले होते, "त्यांचं सामान असेल. बघू नंतर." मे महिन्यात आईने विचारलं, तेव्हाही "बघू नंतर." त्यानंतर आम्ही त्या झाकणाकडे बघायचं सोडून दिलं, जसं घरातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नाही तसं.

गुरुवारी मिस्टर टोलेफ्सननी आपल्या शेडमधून एक गंजलेला वजन वाटणारा हिच खेचत आणला. हा तोच, मेव्हण्याने लावला नव्हता तो.

"घ्या म्हणत नाही मी. पण पडूनच आहे."

बाबांनी तीनदा नको म्हटलं, आणि चौथ्यांदा घेतला. आमच्याकडे त्याआधी घेणं असभ्य समजतात.

त्या पोलादी पट्ट्या ताणून बसवायला लांब नळी लागते. नळीचं टोक पट्टीत अडकवायचं आणि सगळा जोर लावून वर उचलायचं. बाबांनी जोर लावला. मिस्टर टोलेफ्सन म्हणाले, "अजून थोडं... मी काही सांगत नाही, पण डावीकडे... नाही, तुमचं डावं..." आणि नळी सुटली. ती बाबांच्या कानाजवळून सूं करत गेली, आणि शेजारच्या आर्डिस ब्येर्केबाईंच्या पायरीवर बसलेल्या सिमेंटच्या हंसिणीचं मुंडकं घेऊन गेली.

या हंसिणीविषयी सांगायला हवं. ब्येर्केबाई तिला सणावाराचे कपडे शिवतात. ईस्टरला सशाचा पोशाख, पावसात पिवळा रेनकोट, नाताळात शाल. त्या दिवशी तिच्या अंगावर स्वातंत्र्यदिनाचा तारेपट्ट्यांचा झगा होता. झगा शाबूत राहिला, वर मान नाही. गल्लीत एवढी शांतता पसरली की कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राने आपणहून थांबावं.

बाबा पांढरेफटक. "आर्डिस, मी... मी नवीन आणून देईन. मी दावा लिहून देतो. म्हणजे चूक माझीच आहे, शंभर टक्के माझी."

ब्येर्केबाईंनी मुंडकं उचललं, पदरात घेतल्यासारखं एप्रनमध्ये घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे रे ट्रॉय. तिचं वयच झालं होतं."

हे बाबांना नेमकं तिथंच लागलं, जिथं लागायला नको होतं. संध्याकाळी ब्येर्केबाई आमच्या दारात आल्या. हातात हॉटडिश. आम्ही त्यांची हंसीण मारली म्हणून त्यांनी आमच्यासाठी हॉटडिश केली होती! आईने तीनदा नको म्हटलं. मग फ्रीझरमध्ये जागा केली.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी हिच बसला. गाडीचं बूड दोन बोटं वर आलं. बाबा जरा हसले, आणि आम्ही चौथ्या रस्त्यापर्यंत फेरी मारायला निघालो. पहिल्या वळणावर त्या गंजलेल्या पट्ट्यांनी जो आवाज काढला, तसा आवाज मी फक्त एकदा ऐकलाय, जत्रेत, डुक्कर पकडायच्या स्पर्धेत. लोक घराबाहेर आले. एका बाईने पोराला आत नेलं. आणि नाक अजूनही वर होतं, त्यामुळे आमचे दिवे समोरच्याच्या थेट डोळ्यांत. समोरून आलेल्या प्रत्येक गाडीने आम्हाला दिवे मिचकावले. बाबा प्रत्येकाला हात वर करून 'माफ करा' म्हणत होते. एका हाताने गाडी, एका हाताने माफी. मला हसू येत होतं आणि रडूही. पंधराव्या वर्षी दोन्ही एकदम येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी उठले तर ट्रेलर गाडीपासून सोडलेला. बाबा पायरीवर कॉफी घेऊन बसले होते.

"आपण जात नाही," ते म्हणाले. "मी सगळ्या बाजूंनी विचार केला. हिच लावला तरी धोका, नाही लावला तरी धोका. जाऊ दे रांगेतल्या पुढच्याला."

"बाबा, पण झाड! तुमची उंची!"

"त्यातली शेवटची खूण मी बारा वर्षांचा असतानाची आहे, सॉल्व्हेग. मी काही आता वाढत नाही."

आई दारात उभी होती. तिने हातातलं फडकं घडी करून पुन्हा उलगडलं. मी हिवाळाभर व्यासपीठावरून समुद्री कासवांबद्दल आवेशाने बोलले होते, मला त्यासाठी बक्षिसाची फीतही मिळाली होती, आणि माझ्या स्वतःच्या बाबांना सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी रागाने गाडीकडे बघत राहिले. त्या मूर्ख, म्हाताऱ्या, बूड टेकलेल्या...

"बाबा."

"झालं ना आता."

"बाबा, ट्रेलर तिकडे आहे."

"हो. सोडला मी."

"मग गाडीचं बूड खाली का आहे?"

बाबांनी कप खाली ठेवला. गाडीकडे पाहिलं. ट्रेलरकडे पाहिलं. आठवडाभर आम्ही गाडी रिकामी म्हणूनच धरून चाललो होतो. रिकाम्या गाडीकडे नुसतं बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून जुडगा काढला आणि बराच वेळ त्यातली ती एक किल्ली बोटांत धरून उभे राहिले. आई पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ गेली. कुलूप गंजलं नव्हतं, झटकन उघडलं. झाकण वर गेलं.

वाळूच्या पिशव्या. मागच्या फळीला टेकवून, ओळीने, एकावर एक, कडा जुळवून रचलेल्या. लांबट, जाड, उशांसारख्या. दर वर्षी पहिला बर्फ पडला की इथला प्रत्येक पिकअपवाला हौद्यात वाळू टाकतो, मागची चाकं बर्फावर घसरू नयेत म्हणून. आणि वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटला की काढून ठेवतो. आजोबांनी नोव्हेंबरमध्ये रचल्या होत्या. तळं फुटलं एप्रिलमध्ये. मध्ये फेब्रुवारी होता.

पिशव्यांच्या बाजूला आजोबांचं फावडं होतं आणि त्याच्या दांड्यावर अडकवलेला एक हातमोजा. एकच.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवल्यात," कुंपणापलीकडून मिस्टर टोलेफ्सन म्हणाले. या वेळी ते 'मी काही सांगत नाही' म्हणाले नाहीत. "तळं फुटलं तेव्हा मी माझ्या काढल्या. हार्लनच्या राहिल्यात हे लक्षात आलं होतं. पण माणूस कसं म्हणणार? आपण म्हणायचं, अहो, तुमच्या वडिलांची वाळू काढा? म्हटलं, ठेवायची असेल तुम्हाला."

आठवडाभर त्यांनी मेव्हणा सांगितला, पट्ट्या सांगितल्या, डावं-उजवं सांगितलं. ही एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. पण माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघांनीही तेच केलं होतं.

बाबांनी हातमोजा घातला आणि पहिली पिशवी उचलली. फार जड होत्या त्या. आजोबांनी त्या वयात एकट्याने कशा रचल्या असतील असं माझ्या मनात आलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरूनही तेच दिसलं. एकेक पिशवी निघाली तशी गाडी वर आली, सावकाश, म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठावं तशी. शेवटच्या पिशवीवर बाबांनी हात ठेवला आणि तसेच थांबले.

"एक राहू दे," ते म्हणाले.

"ट्रॉय, आपण जुलैत आहोत," आई म्हणाली.

"राहू दे गं."

ट्रेलर जोडला. गाडी सरळ. नाक जागेवर. वजन वाटणारा हिच कुंपणावरून परत गेला. मिस्टर टोलेफ्सननी तीनदा 'ठेवा हो' म्हटलं, चौथ्यांदा घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण निघायला दुपार झाली होती आणि वाटेत पाऊस लागला. साधासुधा नाही, अख्खं तळं उलटं टांगल्यासारखा. कॅम्पच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा सहा वाजायला आले होते. सतरा नंबरच्या आधी एक छोटासा चढ आहे, गवताचा. त्या चढाच्या मध्यावर मागची चाकं फिरायला लागली. नुसती फिरायला. चिखल मागे उडत होता आणि आम्ही तिथेच. आता मागे वजन नव्हतं ना!

डार्लाबाई पिवळ्या रेनकोटमध्ये वर उभ्या. त्यांच्या मागे रांगेतला पुढचा, एक जोडपं, एवढा मोठा ट्रेलर घेऊन, इंजिन चालू ठेवून.

"मिस्टर स्टेन्सबी," डार्लाबाई वरून म्हणाल्या, "मला खूप वाईट वाटतंय. पण हा उतार आहे. ही जागा नाही."

बाबांनी स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं आता ते म्हणणार, जाऊ दे.

"सॉल्व्हेग, इकडे बस," ते म्हणाले. "तुझं लर्निंग लायसन्स आहे ना? पाय हलका ठेव. अगदी हलका. आजोबा म्हणायचे तसा."

आजोबा काय म्हणायचे मला माहीत नव्हतं, पण मी बसले. बाबा पावसात मागे गेले. आरशात मला दिसलं, त्यांनी झाकण उघडलं, ती एक पिशवी काढली आणि खिशातल्या चाकूने उभी चिरली. मग आईही उतरली, आणि दोघांनी गुडघ्यावर बसून, हातांनी, दोन्ही चाकांखाली वाळू पसरली. आई डाव्या चाकाला, बाबा उजव्या. पिशवी रिकामी होईपर्यंत. त्यांचे चेहरे नक्की कशाने भिजले होते ते मला सांगता येणार नाही.

"आता!" बाबा ओरडले.

मी पाय टेकला. हलका. चाकांनी एकदा कुरकुर केली, मग वाळूला पकडलं, आणि गाडी अंड्यासकट वर चढली, दोन बर्चच्या मधोमध. मी हॉर्न वाजवला. वाजवायला नको होता बहुतेक, पण वाजवला.

डार्लाबाईंनी घड्याळ पाहिलं. रांगेतल्या जोडप्याकडे पाहिलं. मग आमच्या चाकांकडे.

"नाव काय लिहू?"

बाबा चढावर उभे होते, चिखलाने माखलेले, एका हातात एकच हातमोजा.

"ट्रॉय," ते म्हणाले. "ट्रॉय स्टेन्सबी."

"आणि निघताना ती वाळू झाडून जायची हं," डार्लाबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "नियम आहे."

आठवडाभर पाऊसच होता. आम्ही अंड्यात तिघं बसून सगळ्या गावाचं दुःख एकेक थाळी करत संपवलं, शेवटी ब्येर्केबाईंची. निघायच्या दिवशी मी कचेरीतून झाडू मागून आणला. वाळू अजून तिथेच होती, दोन चाकोऱ्यांमध्ये, कडा जुळवून बसल्यासारखी. बाबांनी माझ्या हातातून झाडू घेतला, थोडा वेळ धरून उभे राहिले आणि तो वाळूला न लावताच कचेरीच्या दाराशी टेकवून आले.